बेटावरचा यजमान

"दिवा बरा आहे. तुमचं काय?"

रोज सकाळी वायरलेसवर पहिला आवाज यायचा तो हा. खरं तर नियमाप्रमाणे त्यानं इंग्रजीत दिव्याची स्थिती, वाऱ्याची दिशा, समुद्राची अवस्था आणि शेवटी 'ओव्हर' एवढंच म्हणायचं. ते तो म्हणायचाही. पण त्याआधी घरातल्या दुखणाईताची खबर द्यावी तशी दिव्याची खबर द्यायचा आणि मग माझी विचारायचा. मी म्हणायचो, "मी ठीक आहे, आता वारा सांगा." तो म्हणायचा, "वारा कुठे पळून जातोय भाऊ? सांगतो की."

सत्तरच्या दशकाच्या मध्याला मी पुण्याहून बहरीनला गेलो आणि मनामाच्या बंदरावर एका कचेरीत वायरलेसच्या टेबलाशी बसलो. समुद्रातले दिवे आणि बोये सांभाळणं हे आमच्या कचेरीचं काम. बहुतेक दिव्यांना माणूस लागत नसे. एका दिव्याला मात्र लागायचा, आणि तिथे हा वसईचा गृहस्थ होता.

बेट म्हणायचं म्हणून बेट. बहरीनच्या उत्तरेला, किनाऱ्यावरून दिसणार नाही इतक्या अंतरावर खडकाचा एक तुकडा. त्यावर लोखंडी मनोरा, खाली दोन खोल्या, पाण्याची टाकी आणि भरतीला निम्मा बुडणारा एक सिमेंटचा धक्का. दिवा जुना, रॉकेलवर चालणारा. संध्याकाळी माणसानं हवा भरून तो पेटवायचा आणि सकाळी विझवून भिंगावर पडदे ओढायचे, नाहीतर ऊन त्या भिंगातून आत शिरून होतं नव्हतं ते जाळून टाकणार. यासाठी दोन माणसं पंधरवडाभर तिथे राहायची. मग लाँच जाऊन दुसरी दोन उतरवायची आणि पहिल्या दोघांना घेऊन यायची.

मला त्याचा आवाज आधी कळला, माणूस नंतर. आवाजावरून मी धिप्पाड गडी समजून बसलो होतो. प्रत्यक्षात आला तो काटकुळा, सावळा, गळ्यापर्यंत शर्टाची बटणं लावलेला. बोलताना माझ्याकडे बघेना. एक वाक्य बोलला की थांबायचा आणि खालच्या मानेनं वाट बघायचा. मला वाटलं, लाजतोय. नंतर उमगलं की समोरचा 'ओव्हर' म्हणेल म्हणून तो थांबतोय. दिव्यावरून आल्यावर पहिले दोन दिवस त्याच्याशी असंच बोलावं लागे. आमच्या कँटीनमध्ये चहा मागितल्यावरही तो असाच थांबे आणि मागे रांग खोळंबे.

दिव्यावर त्यानं बिस्किटाच्या डब्यात मेथी लावली होती. ती उगवली की वायरलेसवर सगळ्या आखाताला कळायचं. आमचा चॅनल उघडा, जवळपासची जहाजं ऐकत असायची आणि त्यांतल्या कुठल्याशा टँकरवर रत्नागिरीकडचा एक खलाशी होता. तो मध्येच विचारायचा, "काय वसईकर, मेथीची भाजी झाली का?" मी दटावायचो. दोघं गप्प व्हायचे. जरा वेळानं हळूच आवाज यायचा, "झाली. लसूण घालून."

आता नॉर्वेची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या गोष्टीमुळे घडलं.

तरुणपणी तो नॉर्वेच्या एका मालवाहू जहाजावर खलाशी होता. तिकडच्या किनाऱ्याजवळ इंजीन बिघडून जहाज थांबलं असताना तो आणि आणखी एक जण होडीनं पाणी आणायला एका बेटावर गेले. बेट केवढं, तर आमच्या बंदरावरच्या गोदामाएवढं. त्यावर फार जुना दिवा. पण, आणि हा 'पण' तो अगदी सावकाश म्हणायचा, दिव्याला चिकटून एक पांढरं लाकडी घर, आणि घराच्या दारात दिवेवाला आणि त्याची बायको. दोरीवर कपडे वाळत होते. बाईनं दोघांना आत बसवून कॉफी दिली, आंबोळीसारखं काहीतरी गोड खाऊ घातलं. मग नवऱ्यानं वर नेऊन भिंग दाखवलं, आणि बाई जिन्याखाली उभी राहून हसत होती, कारण भिंग पुसायची ती आणि शाबासकी घेत होता तो.

"बघा भाऊ, तिथे बर्फ पडतो. दाराबाहेर पाऊल टाकलं की समुद्र. तरी बाईमाणूस नवऱ्याबरोबर राहतं. आणि आपल्याकडे? मफी. काहीच नाही."

ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की तिच्यातल्या चुका मला कळू लागल्या. घराचं दार कधी लाल असायचं, कधी हिरवं. दारात उभी असलेली ती दोघं मात्र कधी बदलली नाहीत.

त्याची बायको मार्थाबाई वसईला. मुलींची लग्नं होऊन गेली तरी यांचा संसार रजेरजेनंच झालेला. नवरा कुठे राहतो, हे त्या बाईनं कधी पाहिलं नव्हतं. पाऊस आला की दिवा विझतो का, असं त्यांनी एकदा पत्रातून विचारलं, तेव्हा तो दिवसभर खुशीत होता आणि दिवसभर अस्वस्थही. त्याची इच्छा एवढीच होती: मार्थानं एकदा दिव्यावर यावं. राहायला नको, ते कुठल्याच नियमात बसणार नाही. लाँच सामान उतरवते तेवढा वेळ पुरे. त्यानं दारात उभं राहावं, तिला आत बसवावं, आपल्या हातचा चहा पाजावा आणि वर नेऊन भिंग दाखवावं.

त्याच्या पगाराला फॅमिली व्हिसा मिळत नसे. बरीच वर्षं मी म्हणत होतो, व्हिजिट व्हिसा तरी मागू. तो म्हणायचा, "कशाला, साहेब ओरडेल." आमचा साहेब म्हणजे एक इंग्रज कॅप्टन. ओरडायचा खरा. शेवटी ऐंशीनंतर कधीतरी मीच अर्ज टाइप करून कॅप्टनपुढे ठेवला आणि हे कशासाठी असं त्यानं विचारलं तेव्हा नॉर्वेची गोष्ट सांगितली. कॅप्टननं ती ऐकली, सही केली आणि म्हणाला, लाँचवर परक्या माणसाला नेता येत नाही, तेव्हा बाईंना सामानात घाला. म्हणजे कागदोपत्री मार्थाबाई किराणा म्हणून दिव्यावर जाणार होत्या. हे ऐकून आमचा वसईकर इतका हसला की त्याला ठसका लागला.

इथे त्यानं एक गोष्ट केली. मार्थाबाई यायच्या आठवड्यात त्याची पाळी संपून तो किनाऱ्यावर असणार होता. सरळ विमानतळावर जावं, बायकोला भेटावं, मग दोघांनी मिळून लाँचनं जाऊन दिवा बघावा. मी तसं सुचवलंही. त्याला ते पटेना.

"नाही भाऊ. मी तिच्याबरोबर होडीतून उतरलो तर आम्ही दोघंही पाहुणे. मी दारात असलो पाहिजे. ती आली पाहिजे."

म्हणून त्यानं हसनची पाळी स्वतःकडे घेतली. हसन मुहर्रकचा, दुसऱ्या जोडीतला दिवेवाला. रमझानचे दिवस घरी मिळणार म्हणून तो आनंदानं तयार झाला. बाई गुरुवारी येणार, शनिवारी पाळी बदलायला लाँच जाणार, आणि चहा पिऊन नवराबायको त्याच लाँचनं परत येणार. मग जवळजवळ दोन आठवडे त्यांचे.

गुरुवारी मी विमानतळावर गेलो. मार्थाबाई ठसठशीत, मोकळ्या. हातातल्या पिशवीत सुकेळी, म्हणजे वसईची सुकवलेली केळी, बॅगेत सुके बोंबील. पहिला प्रश्न, "हे कुठे आहेत?"

"दिव्यावर. तुमची वाट बघतायत."

त्या हसल्या. "इतकी वर्षं मी बघितली. आता बघू देत जरा त्यांना."

आमच्या माहूजच्या फ्लॅटमध्ये त्यांची सोय केली होती. माझी बायको शुद्ध शाकाहारी. बोंबलांची बॅग बाल्कनीत ठेवावी हे तिनं इतक्या गोड शब्दांत सुचवलं की मार्थाबाईंनी ती स्वतःच उचलून बाहेर नेली. संध्याकाळपर्यंत दोघी एकमेकींना वहिनी आणि ताई म्हणू लागल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी शमाल सुटला.

ज्यांनी हा वारा पाहिला नाही त्यांना काय सांगावं? वायव्येकडून येतो, वाळवंटाची धूळ घेऊन येतो आणि एकदा धरला की सोडायचं नाव घेत नाही. सूर्य पांढरट होतो, दातांखाली वाळू कचकचते, समुद्र उसळतो. शनिवारी लाँच निघालीच नाही. लाँचच्या तांडेलानं धक्क्यावर उभं राहून समुद्राकडे बघितलं आणि म्हणाला, "बुकरा, इंशाल्ला." म्हणजे उद्या. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला आणि त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

त्या दोघांत जेमतेम काही मैलांचं पाणी होतं. वसई आणि बहरीन यांच्यातला समुद्र बाई ओलांडून आल्या होत्या, आणि एवढंसं पाणी ओलांडता येत नव्हतं.

मी त्यांना वायरलेसच्या खोलीत नेलं. खाजगी बोलणं मना होतं, पण कॅप्टन त्या वेळी मुद्दाम बाहेर गेला. मी बटण दाबून धरायला शिकवलं, बोलून झालं की सोडायचं हेही सांगितलं. बाईंनी बटण दाबलं आणि समुद्रापलीकडे ऐकू जायला हवं अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकू येतं का?" खिडकीच्या काचा हलल्या. पलीकडून काहीच येईना, कारण त्यांनी बटण सोडलंच नव्हतं. मी त्यांचं बोट बटणावरून उचललं तेव्हा त्याचा आवाज आला, "येतं. हळू बोल, सगळे ऐकतात."

मग ते दोघं त्यांच्या वसईकडच्या बोलीत बोलले. मला निम्मंशिम्मं कळलं. विहिरीवरचा पंप दुरुस्त झाला का, धाकटीला कितवा महिना, माडाला कीड लागली होती तिचं काय झालं. इतक्या जवळ येऊन दोघं पंपाबद्दल बोलत होते. पण कुणी दुसरं काय बोलणार होतं, सगळं आखात कान लावून बसलेलं असताना? एक मात्र झालं. त्या अख्ख्या वेळात त्या चॅनलवर एकही जहाज मध्ये बोललं नाही. रत्नागिरीचा खलाशीसुद्धा नाही.

शेवटी तो म्हणाला, "मी चहाची भांडी घासून ठेवलीत." हे त्यानं माझ्यासारख्यालाही कळेल अशा मराठीत सांगितलं. बाई पटकन उठून खिडकीपाशी गेल्या.

दिवस जाऊ लागले तसा आम्हाला धीर धरवेना. हेलिकॉप्टर होतं, पण ते फक्त आजारी माणसासाठी. हसननं मला बाजूला घेऊन सुचवलं, त्याला पोटात दुखतंय म्हणायला सांगा. मी वायरलेसवर मराठीतून सांगितलं. मग, "बरं. कुठल्या बाजूला दुखतं म्हणू?" मी म्हटलं, उजव्या.

तासाभरात डॉक्टर वायरलेसवर. आयरिश बाई, फार प्रेमळ. ताप आहे का? नाही. उलटी? नाही. कधीपासून दुखतंय? "आत्ताच सुरू झालं." जेवलात का? इथे त्यानं क्षणभरही विचार केला नाही. "हो डॉक्टर, भात आणि माशाचं कालवण. तुमचं जेवण झालं?" मी कपाळाला हात लावला. डॉक्टरणीनं गरम पाणी प्यायला सांगितलं. तो मला म्हणाला, "भाऊ, जमलं नाही मला. तिनं चांगलं विचारलं हो."

हसन त्या संध्याकाळी आमच्याकडे आला. हातात हलव्याचा डबा. मुंबईला जाऊन येऊन असल्यामुळे त्याला हिंदी छान यायची. मार्थाबाईंसमोर तो खाली मान घालून बसला. "बहेन, मेरी बारी थी. मुझे वहाँ होना चाहिए था." बाईंनी डबा घेतला, त्याच्याच हातावर थोडा हलवा ठेवला आणि माझ्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "यांना सांगा वहिनी, यांचा काय दोष? आमच्या माणसाला यजमान व्हायचं होतं."

मग एका सकाळी वारा जरा नरम पडला. तांडेल म्हणाला, यल्ला, चला, आत्ता निघालो तर बघू. मार्थाबाईंनी चांगली साडी नेसली, सुकेळी घेतली. मीही गेलो. बंदराबाहेर पडल्यावर नरम काय आणि गरम काय ते कळलं. लाँच वर जायची आणि आपटायची. बाई ओकत होत्या आणि पिशवी छातीशी धरून होत्या. परत जाऊ या का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी फक्त मान हलवली.

धुळीतून आधी मनोरा दिसला, मग खोल्या. धक्क्यावर लाटा फुटत होत्या आणि पाणी थेट दारापर्यंत चढत होतं. तो दारात उभा होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट. मागे दार उघडं. तांडेलानं लाँच जवळ नेली, पुन्हा मागे घेतली, दुसऱ्या बाजूनं जाऊन पाहिलं. धक्क्याला लावली असती तर लाँचच्या फळ्या सुट्या झाल्या असत्या. ओरडून बोललेलं वाऱ्यात ऐकू जाईना. दोघं एकमेकांकडे नुसते बघत होते. तांडेल माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "खलास."

लाँच वळायला लागली तसा तो दारातून दिसेनासा झाला. मला वाईट वाटलं, निदान हात तरी हलवायचा. जरा वेळानं बाईंनीच माझा दंड धरला आणि वर बोट दाखवलं. मनोऱ्यावर पडदे सरकलेले होते आणि त्या धुळकट, पांढऱ्या उजेडात दिवा लागला होता. भरदिवसा. फिकट पिवळा, फिरत असलेला.

चहा देता आला नव्हता. दाखवण्यासारखं जे होतं ते त्यानं दाखवलं.

बाई वळून, कठडा धरून, दिवा दिसेनासा होईपर्यंत बघत होत्या. मग खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "केवढा मोठा आहे हो. मला वाटलं कंदिलाएवढा असेल." एवढं बोलून त्या रडल्या. कचेरीत परतलो तर दोन जहाजांची तक्रार येऊन पडलेली, तुमचा दिवा दिवसा का चालू आहे? कॅप्टननं उत्तर दिलं, चाचणी होती.

वारा पुन्हा चढला. व्हिसाची मुदत संपत आली आणि नेमकी ईद आली. सगळ्या सरकारी कचेऱ्या बंद. मी ज्यांच्या ज्यांच्या दारी जाता येईल त्यांच्याकडे गेलो. लोक चांगले, बसवून कहवा पाजायचे, हळहळायचे. पण शिक्का मारायला माणूस नव्हता, आणि मुदत उलटली तर पुढे कधीच व्हिसा मिळाला नसता. कॅप्टननंही फोन फिरवले. कुणाच्याच हातात काही नव्हतं, आणि कुणावर रागवावं तर तेही नव्हतं.

मार्थाबाई गेल्या. वायरलेसवर निरोप घ्यायला त्या आल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळ्यांसमोर मला नाही जमायचं." दुसऱ्या सकाळी त्यानं नुसता नियमाप्रमाणे इंग्रजीत रिपोर्ट दिला. वारा, समुद्र, ओव्हर. मी मराठीत सांगितलं, विमान वेळेवर गेलं, तब्येत चांगली होती. "बरं," एवढंच तो म्हणाला.

वारा त्यानंतर पडला. लाँच त्याला घेऊन आली तेव्हा तो थेट आमच्या घरी आला. ती कुठे बसायची, असं त्यानं माझ्या बायकोला विचारलं. तिनं बाल्कनीजवळची खुर्ची दाखवली. तो तिथे बसला. आम्ही सुकेळी आणून दिली. त्यानं एक उलगडून खाल्लं, उरलेली आमच्या पोरांना वाटली आणि चहाचा कप स्वतःच धुऊन ठेवला.

नंतर रजेवर तो वसईला जाऊन आला. नवराबायकोची भेट काही कायमची राहिली नाही, देवाची कृपा. पण दिव्यावरची भेट राहिली ती राहिलीच. आम्ही पुन्हा अर्ज केला, तोवर कॅप्टन निवृत्त झाला होता. नव्या साहेबानं सांगितलं की त्या दिव्यावर आता बॅटरीचं यंत्र बसणार, आपोआप लागणारं आणि विझणारं. माणसं काढायची आहेत, आणखी कुणाला तिथे नेण्याचा प्रश्नच नाही. बोलला ते वावगं नव्हतं. मला त्याचा फार राग आला.

यंत्र बसलं. दिवेवाल्यांचे हिशेब झाले, तिकिटं काढली गेली. शेवटच्या दिवशी त्याला आणायला लाँच निघाली तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेलो. ऑक्टोबर होता. वाऱ्याचा मागमूस नाही. पाणी इतकं निवांत की तळाचे खडक दिसत होते. लाँच धक्क्याला लागली आणि तांडेलानं दोर बांधलासुद्धा नाही, नुसता एक पाय धक्क्यावर ठेवून ती धरून ठेवली.

तो ट्रंक घेऊन आला. दाराला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. धक्क्याच्या कडेला उभा राहून त्यानं खाली पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. नेहमीसारखा खालच्या मानेनं, आता समोरच्यानं काही बोलावं अशा बेतानं. मी किल्ली खिशात टाकली.

मग तोच बोलला. "आज आली असती, भाऊ, तर साडीचा काठसुद्धा भिजला नसता."

आणि ट्रंक उचलून तो लाँचमध्ये उतरला.